काचवालीचा ढोल

माझी आत्या माझ्या वडिलांशी चौतीस वर्षं एक अक्षर बोलली नाही. राहायची त्याच शहरात, आमच्यापासून पाच बसथांब्यांवर. आजोबा गेले तेव्हा आली, आजी गेली तेव्हा आली. आईच्या खांद्यावर हात ठेवून बसली, सगळ्यांना चहा करून दिला, कपबश्या विसळल्या, आणि बाबा ज्या खोलीत होते तेवढी एक खोली सोडून घरभर वावरली.

ती चष्म्याच्या काचा घासायची. दुकानाच्या मागच्या खोलीत एक फिरतं चाक, त्यावर थेंबथेंब पडणारं पाणी, पांढरट गाळाने भरलेलं घमेलं, आणि स्टुलावर आत्या, कोपरापर्यंत बाह्या दुमडून. काचेची कड अंगठ्याने चाचपून ती स्वतःशीच म्हणायची, "अजून केसभर." आमच्या घरातले सगळे चष्मे तिच्या हातचे, बाबांचा सोडून. बाबा चष्म्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे. एकदा आईने आमच्या तीन कागदांत बाबांच्या नंबरचा कागद हळूच सरकवून दिला. तीन चष्मे आले. चौथा कागद परत आला. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, "या नंबरच्या काचा येत नाहीत."

तो कागद आईने बाबांना दाखवला नाही, मला दाखवला. मी अकरा वर्षांची होते आणि मला हसू आवरेना.

"आत्या एवढी चिडलीय कशाला?"

"चिडलेली नाही ती," आई म्हणाली. "चिडलेलं माणूस चार दिवसांनी विसरतं. तिने डूख धरलाय."

कशाचा डूख, ते मला सोळाव्या वर्षी कळलं.

आत्या अठरा वर्षांची असताना आजोबांनी घरात एक होम कॉम्प्युटर आणला. आणला बाबांसाठी, कारण ते इंजिनिअर होणार होते. जाडजूड कीबोर्डच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा, आणि केलेलं काम साठवायचं साध्या गाण्याच्या कॅसेटवर. बाबा महिनाभर त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "यात काही दम नाही." मग ते मशीन दुपारभर रिकामं पडून राहू लागलं, आणि दुपारी घरात आत्या असायची.

त्या मशीनमध्ये आवाजासाठी एक वेगळी चिप होती. तिला एका वेळी तीनच सूर काढता येत. प्रत्येक सूर आकड्यांत सांगायचा: उंच किती, कधी उठायचा, कधी विझायचा. आत्या ना गाणं शिकलेली, ना पेटी. पण चौकटीच्या वहीत आकडे मांडत मांडत तिने त्या चिपला बोलतं केलं. तीन सुरांत भागेना, तेव्हा एकच आवाज तीन सुरांवर इतका भराभर नाचवला की कानाला तिन्ही एकदम वाजल्यासारखे वाटावेत. आणि एक दिवस तिला चिपचा दोष सापडला. आवाजाची पातळी झटक्यात वरखाली केली की स्पीकरमधून 'टक्' असा ठोका यायचा. माहितीपुस्तकात लिहिलं होतं, असं करणं टाळा. आत्याने तेच केलं, शेकडो वेळा, मोजूनमापून. त्या टक्-टकीचा तिने ढोल केला. तिन्ही आवाज आपापल्या जागी, आणि ढोल चौथा, वरकड.

अशी साडेचार मिनिटांची एक धून तयार झाली. बाबांनी ती ऐकली. म्हणाले, "दे ती कॅसेट, मित्राला ऐकवतो." तिने दिली.

तीन महिन्यांनी आत्या बाजारात गेली होती. टीव्हीच्या दुकानाच्या काचेमागे तसलंच एक मशीन मांडलेलं, आणि त्यातून तिची धून वाजत होती. खडकाळ वाटेवरून ट्रक पळवायचा एक नवा खेळ आला होता. तेव्हाचे खेळ कॅसेटवरून मशीनमध्ये उतरायला चार-पाच मिनिटं घेत, आणि तेवढा वेळ लोक समोर बसून धून ऐकत. पडद्यावर ट्रकचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, 'संगीत', आणि त्यापुढे तिच्या भावाचं नाव.

"मी आत गेले," आत्याने मला सांगितलं. "दुकानदाराला म्हटलं, पुन्हा लावा. त्याने लावली. मला वाटलं, वाचण्यात चूक झाली असेल. चूक नव्हती."

घरी आल्यावर काय झालं, ते मी दोघांकडून ऐकलंय, आणि आश्चर्य म्हणजे दोघांचं सांगणं जुळतं. आत्या दारातूनच ओरडली. बाबा म्हणाले, "तुझं नाव दिलं असतं तर त्यांनी कॅसेट ऐकलीसुद्धा नसती. मुलीने केलंय म्हटल्यावर कोण ऐकतं?"

"मग मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तू दिली नसतीस."

आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली न करताच म्हणाले, "नाव कुणाचं का असेना, आडनाव तर एकच आहे ना? घरातल्या घरात कसलं तुझं नि माझं."

यावर बाबांनी जे केलं ते आत्याने कधीच माफ केलं नाही. चोरी एक वेळ माफ केली असती. पण बाबा तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "त्यांना आणखी एक हवीय. पंधरा दिवसांत होईल?"

ती झाली नाही. आठवड्याभरात बाबांना त्या खेळांच्या कंपनीत नोकरी लागली आणि ते मशीन त्यांनी ऑफिसात नेऊन ठेवलं. आत्या तोवर काचा घासायला लागली होती. दोन महिन्यांनी ती नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहायला गेली. चौकटीच्या वह्या पिशवीत घातल्या आणि घरातलं दुसरं काहीही घेतलं नाही.

बाबांची त्यानंतरची कुठलीच धून चालली नाही, पण त्यांना त्याची गरजही पडली नाही. ट्रकचा खेळ घरोघर गेला. एका वर्तमानपत्राने त्यांना 'साडेचार मिनिटांचा जादूगार' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. ते साहेब झाले, त्यांच्या हाताखाली दुसरी माणसं संगीत करू लागली. माझ्या मैत्रिणींचे वडील बाबांना भेटले की पहिल्यांदा हात मिळवायचे आणि मग ती धून गुणगुणायचे. बाबा मान तुकवून हसायचे. मला केवढा अभिमान वाटायचा!

सोळाव्या वर्षी चष्मा मोडला म्हणून मी आत्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. एका खोलीत पलंग आणि शेगडी, दुसरीत भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर जुनी मशीन्स. भंगारवाल्याकडून आणलेली, कुणी टाकून दिलेली, तिने एकेक दुरुस्त केलेली. कपाटाच्या खणात आवाजाच्या चिपा, पायांनी स्पंजमध्ये टोचून ओळीने ठेवलेल्या. मला दाखवायला म्हणून तिने एक मशीन सुरू केलं आणि ती धून वाजली.

"ही तर बाबांची!" मी म्हटलं.

आत्याने मशीन बंद केलं. वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. "अक्षर तुझ्या बाबांचं आहे का बघ."

अक्षर आत्याचं होतं. पानापानावर तारखा होत्या. खोडलेले आकडे होते, पुन्हा लिहिलेले होते, समासात 'ढोल कच्चा' असं लिहून त्याखाली रागाने तीन रेघा मारलेल्या होत्या. घरी जाऊन मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "आत्याने मदत केली होती."

"किती?"

"असते गं घरातली मदत."

मी पुन्हा विचारलं नाही. पण तेव्हापासून माझं एक लक्षात यायला लागलं. बाबा ती धून गुणगुणताना वरची सुरावट गुणगुणायचे, ती सगळ्यांनाच येते. ढोल मात्र ते दर वेळी चुकवायचे.

मी एकोणतीस वर्षांची असताना शहरात जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन भरलं. भरवणारे एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक होते, सगळे त्यांना रेडिओवाले काका म्हणत. त्यांचा चष्मा आत्याकडचा. मशीन्स दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे त्यांना माहीत होतं. ती कुणाची बहीण, हे माहीत नव्हतं. प्रदर्शनातल्या मंडळींत तिचं नाव होतं काचवाली. काकांनी सगळी यंत्रं तयार करायचं काम तिच्यावर सोपवलं आणि आनंदाने सांगितलं, "प्रमुख पाहुणे म्हणून साक्षात साडेचार मिनिटांचा जादूगार येतोय. तो स्टेजवर स्वतः धून वाजवणार. त्याच्यासाठी मशीन तुम्हीच निवडा."

"निवडते की," आत्या म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तिने मला बोलावून घेतलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा लांबट हॉल, टेबलांवर मशीन्स, जमिनीवर वायरींचा गुंता. ती स्टेजवरच्या मशीनची धूळ पुसत होती.

"हे मशीन बघ," ती म्हणाली. "बाहेरून तेच. आतली चिप नंतरच्या वर्षातली. कंपनीने तोवर तो दोष काढून टाकला होता. आता पातळी कितीही वरखाली करा, टक् येत नाही."

मला कळायला दोन क्षण लागले. "म्हणजे ढोल..."

"वाजणार नाहीत. बाकी सगळं वाजेल. ज्याने ती धून लिहिली त्याला पहिल्या ठोक्याला कळेल काय झालं ते. ज्याने नेली त्याला नाही कळणार." तिने फडकं घडी करून ठेवलं. "बाबा तुझे आहेत. सांगायचं असेल तर आत्ता फोन कर. मी अडवणार नाही."

फोन माझ्या हातात होता. मी आईला केला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी त्यांचा निळा शर्ट इस्त्री करतेय. चांगले दिसले पाहिजेत." आणि फोन ठेवला. बाबांना मी सांगितलं नाही. ते माझ्या माथ्यावर आहे आणि मी ते नाकारत नाही.

दुपारी हॉल भरला. दीडशे माणसं असतील, बहुतेक बाबांच्या वयाच्या आसपासची. बाबा निळ्या शर्टात रुबाबदार दिसत होते. माइक हातात घेऊन त्यांनी सांगितलं, ती धून त्यांना एका दुपारी एका बैठकीत सुचली. घरचे झोपले होते, म्हणून आवाज बारीक ठेवला होता. आत्या तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. तिच्याकडे त्यांची नजर गेली नव्हती, किंवा गेली असूनही त्यांनी तिथे थांबू दिली नव्हती.

त्यांनी कॅसेट लावली. धून सुरू झाली. पहिली काही सेकंदं लोक डोळे मिटून डोलले. मग हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. सुरावट होती, खालचा घुमारा होता, पण मध्ये सगळं पोकळ, जसं चालणाऱ्या माणसाचे पाय जमिनीला लागत नाहीत.

"ढोल कुठेयत?" मागून कुणीतरी विचारलं.

बाबांनी आवाज वाढवला. पोकळी मोठी झाली. "मशीन जुनं झालंय," ते हसत म्हणाले. "चिप गेलेली दिसतेय."

रेडिओवाल्या काकांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि बोलायला उघडलेलं तोंड मिटलं.

आत्या उभी राहिली. "मशीन नीट आहे," ती म्हणाली. "जरा जास्तच नीट आहे."

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. चौतीस वर्षांनी बहिणीचा आवाज त्यांच्या कानावर पडला होता.

"एक विचारू का?" ती स्टेजकडे चालत म्हणाली. तिने त्यांना 'तुम्ही' म्हटलं, आणि ते शिवीपेक्षा वाईट लागलं. "तुम्ही ढोल कोणत्या आवाजात लिहिलेत? पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या?"

बाबा थांबले. साध्या प्रश्नाला माणूस एवढा थांबत नाही. "तिसऱ्या," ते म्हणाले.

"काका, तिसरा आवाज बंद करा."

काकांनी दोन आकडे टाइप केले. वरची सुरावट गेली, बाकी तसंच राहिलं. दीडशे माणसांनी ते ऐकलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाला लागले, शेजारी त्यांच्या शेजाऱ्याच्या.

"तिसऱ्यात ढोल नाहीत. दुसऱ्यात नाहीत, पहिल्यातही नाहीत." आत्या शेजारच्या टेबलावरच्या, जुनी चिप असलेल्या मशीनसमोर बसली. वही नाही, कागद नाही. सात ओळी टाइप केल्या आणि बटण दाबलं. स्पीकरमधून फक्त ढोल वाजले, तेच, कोरडे, दमदार, आणि सगळा हॉल एकदम हलला. सूर नसतानाही लोकांनी धून ओळखली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

"तुम्हाला हे कसं माहीत?" पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी विचारलं.

"मी लिहिलंय."

बाबा तरबेज माणूस. त्यांनी माइक उचलला आणि हसले. "मंडळी, ही माझी धाकटी बहीण. आमच्या घरातच संगीत आहे बघा."

"घरातलं नाही," आत्या म्हणाली. "माझं."

तिला माइक लागला नाही.

बाबांनी माइक खाली ठेवला. ते स्टेजच्या पायऱ्या उतरले, मधल्या वाटेने चालत गेले. लोकांनी वाट दिली, पण हात कुणी पुढे केला नाही. दारापाशी मी उभी होते. त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?" मी होकारार्थी मान हलवली. ते एकटेच जिना उतरून गेले.

त्या दिवशी बाबांनी घरी येऊन भिंतीवरचं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. आईने खिळासुद्धा उपटून घेतला. जेवताना ते म्हणाले, "चारचौघांत करायला नको होतं तिने."

"तुम्ही काय कोपऱ्यात केलं होतंत?" आई म्हणाली आणि त्यांना वाढलं.

मी आत्याला विचारलं होतं, मिळालं का समाधान? मला वाटलं होतं ती म्हणेल, रिकामं वाटतंय, किंवा म्हणेल, काय उपयोग. माणसं असंच म्हणतात. आत्या म्हणाली, "मिळालं. अगदी पोटभर. सूड घेऊन काही मिळत नाही असं सांगणाऱ्यांनी तो कधी घेऊन बघितलेला नसतो."

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात त्या धुनेसाठी वेगळं टेबल होतं. आत्या तिथे बसून दिवसभर वाजवणार होती. शेजारी माहितीचं कार्ड लावायचं होतं. काकांनी विचारलं, "तुमच्या भावाचं नाव पार काढून टाकू?"

"छे, काढायचं कशाला?" आत्या म्हणाली. "जे केलंय ते लिहा." आणि तिने स्वतः मजकूर सांगितला. कार्डावर पहिल्या ओळीत 'संगीत' असं लिहून तिचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत बाबांचं नाव होतं आणि त्यापुढे: 'कॅसेट नेऊन दिली.' येणारा प्रत्येक जण ते वाचायचा आणि विचारायचा, म्हणजे काय? आत्या प्रत्येकाला सांगायची. सगळ्यांना, सविस्तर. आवाज चढवून नाही. काचेच्या नंबराबद्दल सांगावं तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. आम्हाला कुणाला न सांगता, इतरांसारखं तिकीट काढून. कार्ड वाचलं. मग हेडफोन लावून धून ऐकायची जी रांग होती तिच्यात उभे राहिले. पुढे सात-आठ जण होते. वर्षभरात त्यांचे खांदे उतरले होते आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. आत्याने त्यांना पाहिलं. तिचे हात थांबले नाहीत. एकेकाची पाळी येत गेली, ती एकेकाला हेडफोन देत गेली. बाबांची पाळी आली तेव्हा तिने हेडफोन खाली ठेवले, मशीनचं बटण बंद केलं आणि समोर पुठ्ठ्याची पाटी उभी केली: 'मशीन गरम झालंय. दहा मिनिटं.'

बाबा दहा मिनिटं उभे राहिले. आत्या चहा प्यायला गेली. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. रांगेतले मागचे लोक दुसऱ्या टेबलांकडे पांगले. बाबांनी कार्डावरचं आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं, आणि ते गेले.

मी चहाच्या टेबलाशी आत्याला गाठलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचा राग आला होता. "रांगेत उभे होते गं ते. सरळ रांगेत. काय बोलायला आले होते ते तरी ऐकायचंस. आता पुरे कर."

आत्याने कप बशीत ठेवला. ओठ पुसले.

"तुझं पुरे झालं असेल," ती म्हणाली. "माझं अजून थोडं आहे."

आणि ती टेबलाकडे गेली, पाटी आडवी केली, मशीन सुरू केलं.